काशीत सोडलेलं अंडं

काशीला गेलं की आवडीची एक वस्तू सोडायची असते. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या शेजाऱ्यांनी हा नियम मोठ्या शिताफीनं पाळला. कुणी दोडका सोडला, कुणी सुरण. तात्यांनी कारलं सोडलं. ते त्यांनी जन्मात आवडीनं खाल्लं नव्हतं. तरी परतल्यावर वर्षभर प्रत्येक पंगतीत आपला त्याग जाहीर केला. त्यांच्या बायकोनं, गोदाक्कानं, अंडं सोडलं.

गोदाक्काला अंडं जिवापाड आवडायचं. शिवाय गल्लीतल्या पोरांचे वाढदिवस तिच्याच केकवर व्हायचे. स्टोव्हवर पातेल्यात वाळू तापवायची आणि तीत केकचा डबा ठेवायचा. खरपूस कडा मात्र तात्यांच्या. त्या कडांना हात लावायची कुणाची छाती नव्हती.

"अक्का, दुसरं काही सोडायचं," मी म्हणालो.

"मास्तर, आपल्याला नको असलेलंच द्यायचं, तर देव कशाला? भंगारवाला हाय की दारात."

तात्या पेपरमागे गेले.

मी तोड काढली. नियम खाण्याचा आहे. करायला काय हरकत?

"न चाखता लोकाच्या ताटात वाढू व्हय? नाय जमायचं."

म्हणजे बिनअंड्याचा जमला तर केक, नाही तर केकच बंद. आणि नातवाचा पहिला वाढदिवस तोंडावर आलेला. केळं घातलेल्या केकला शिकरणाचा वास आला. दुधाच्या पावडरीचा मधोमध खचला. दह्याचा पहिला केक बघून तात्या म्हणाले, "फोडणी दे, ढोकळा म्हणून खपंल."

"उद्या तुमचं कारलं घालून बघते."

बिघडलेले सगळे केक आम्ही शेजारधर्म म्हणून खाल्ले. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी तिनं आंबट दह्यात सोडा घातला, फेस येईपर्यंत थांबली आणि मग मैदा मिसळला. केक फुगला. तिनं कोपरा मोडून तोंडात टाकला. आम्ही तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"अंड्यावानी नाय लागत," ती म्हणाली. "पण लई ग्वाड झालाय. गेलं ते गेलं, त्याचं सोंग कशाला आणायचं?"

त्यानंतर गल्लीत तोच केक झाला, ती असेपर्यंत.

ती गेल्यावर तात्या मुलाकडे गारखेड्याला राहायला गेले. एकदा दुपारी मी भेटायला गेलो, तर जेवायला बसवलं. भाजी कारल्याची होती. तात्यांनी ती निमूट वाढून घेतली आणि खाल्ली. मी बघतोय हे त्यांना कळलं असावं. मान काही वर केली नाही.

मग सुनेनं आदल्या दिवशीच्या वाढदिवसाचा केक आणला. अक्काच्याच हातचा वाटावा असा, कडा खरपूस. तात्यांनी आपली बशी माझ्याकडे सरकवली.

"आई गेल्यापासून असंच," सून म्हणाली. "विचारलं की म्हणतात, पोट भरलंय."

मी तात्यांकडे बघितलं.

"खावा, मास्तर," ते म्हणाले. "पोट भरलंय."