टापू यांनी आज पहिल्यांदा पाहिला

मैत्रिणींनो, आत्ताच घरी आलोय, पण मन अजून बोर धरणावरच आहे.

मागच्या वर्षी माझ्या नवऱ्याला लकवा झाला. उजवा हात अजून साथ देत नाही, म्हणून त्यांचं गाडी चालवणं बंद. मग बावन्नाव्या वर्षी मी शिकले. आज पहिल्यांदाच वर्ध्याहून दोघंच निघालो.

सेलूपर्यंत यांचं चालूच होतं, "ट्रॅक्टर हाय समोर, हळू घे!" पुढे चढावावर गाडी बंद पडली आणि मागून एसटीचा हॉर्न सुरू झाला. मी हँडब्रेक ओढून यांच्याकडे पाहिलं.

"मले नाई जमत. परत जाऊ."

"वाजवू दे त्याले," हे म्हणाले. "मी बी शिकताना लय वेळा बंद पाडली. तुले सांगितलं नाई, एवढंच."

मला हसू आलं, आणि गाडी चढली.

धरणाच्या पाण्यात झाडांनी भरलेला टापू आहे. काठाने जाताना हे बघतच राहिले.

"हा कधीपासून हाय इथं?"

"अहो, दरवर्षी येतो आपण! मी दरवेळी दाखवते."

"मी रस्ताच पाहून राह्यलो होतो."

इतकी वर्षं मला वाटायचं, यांना माझ्या बोलण्यात रस नाही. आज येताना हे शेतं, बगळे, सगळं दाखवत होते आणि मला रस्त्याशिवाय काहीच दिसत नव्हतं. शेजारी आपलं माणूस बसलेलं असलं की नजर हलवायची हिंमत होत नाही.

तुमच्या घरी कधी अशी जागा बदलून पाहिली आहे का?