पडद्याआडचा हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. यांना नाही, आणि देवापुढे बसले तरी देवालाही नाही. तिथंसुद्धा मी विषय बदलायची. मुलीला सांगावं असं दोन-तीनदा मनात आलं. पण ती कलकत्त्यातच जन्मली आणि वाढली, तिचं मराठी भाजी आणि तब्येतीच्या चौकशीपुरतं. बांगलात सांगावं, तर ती भाषा मला जिनं शिकवली तिचीच ही हकिगत आहे, तिच्याच शब्दांत कशी सांगू? म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, तेच बरं.

कुठून सुरू करू? यांच्यापासून करते. हे म्हणजे माझे यजमान. ऑस्टिओपॅथ होते. सत्तर सालाच्या आसपास तो शब्द कुणाला ठाऊक नव्हता, लोक आपले हाडांचे डॉक्टर म्हणायचे. एका म्हाताऱ्या इंग्रज साहेबाच्या हाताखाली दहा वर्षं काढून हे शिकले होते. औषध नाही, सुई नाही, नुसत्या हातानं पाठ, मान, सांधे मोकळे करायचे. सियालदहजवळ आमच्या दोन खोल्या होत्या, पुढच्या खोलीत दवाखाना. बाजारात डोक्यावर पोती वाहणारे यायचे, हावड्याच्या कारखान्यांतले कामगार यायचे, टेबलाशी वाकून वाकून मान धरलेले कारकून यायचे. पण आमच्याकडे सरळ असं कुणीच येत नसे हो. सगळीकडून परत पाठवलेली माणसं यायची. तीन तास रांगेत उभं राहून ‘काही झालेलं नाही तुम्हाला’ एवढंच ऐकलेली. हे त्यांना आधी बसवायचे, कधीपासून दुखतंय म्हणून विचारायचे आणि मग ऐकत राहायचे. काही जण तेवढ्यानंच रडायला लागायचे. मी पाहिलंय.

बायकांना दुपारची वेळ होती. परक्या पुरुषापुढे पाठ उघडी टाकायला त्या तयार नसत, आणि हेही जुन्या वळणाचे. म्हणून यांनी मला शिकवलं. खोलीच्या मधोमध एक जाड पडदा. अलीकडे खुर्चीवर हे, पलीकडे बाकावर बाई आणि तिच्या पाठीवर माझे हात. हे विचारायचे, मी बोटं फिरवून सांगायची — इथं कडक लागतंय, इथं दुखतं म्हणते. मग ते सांगतील तसं दाबायचं, ताणायचं. ‘तू सांगशील तेवढंच मला दिसणार,’ असं पहिल्याच दिवशी म्हणाले होते. आणि एक गोष्ट माझ्याकडून पाठ करून घेतली होती. मणक्यावर कुठं टेंगूळ लागलं, तर हात उचलायचा. दाबायचं नाही, आधी मला सांगायचं. तो हाडाचा क्षय असू शकतो, त्याला आपला हात चालत नाही, त्याला हॉस्पिटलच.

मी चांगली शिकले. फुशारकी म्हणा हवं तर. एकदा एका बाईच्या पाठीत मला तसं काही लागलं आणि मी लगेच सांगितलं. एक्स-रे काढला, काही निघालं नाही. तिचा एक मणका जन्मापासूनच जरा वर होता. तिचा सासरा येऊन नाही नाही ते बोलून गेला. ते सोडा. पण त्या वर्षी गणपतीत आपली मराठी मंडळी जमली होती, कुणी तरी दवाखान्याचा विषय काढला, आणि हे हसत हसत म्हणाले, ‘आमच्या हिला प्रत्येक पाठीत उंट दिसतो.’ सगळे हसले. मीही हसले. पुढे कित्येक दिवस बायका मला पाठ वळवून विचारायच्या — बघा हो वहिनी, माझ्यात आहे का उंट?

यांच्या मनात काही नव्हतं. स्वभावच थट्टेखोर. पण माझा राग पहिल्यापासून नाकाच्या शेंड्यावर. मनात अढी बसली ती बसली. म्हटलं, पुन्हा म्हणून तोंड उघडणार नाही.

नमिता त्याच हिवाळ्यात आली. डमडमला शाळेत शिकवायची, आई आणि ती दोघीच राहायच्या. चार महिने पाठ दुखत होती. एका डॉक्टरनं तिला सांगितलं होतं, लग्न कर म्हणजे थांबेल. हे सांगताना ती हसली, संताप आला तो मला. मंगळवारी आणि शुक्रवारी यायची. मला बौदी म्हणायची, म्हणजे वहिनी. बाकावर पालथी पडून मला बांगला शिकवायची, आणि माझे उच्चार ऐकून तिची पाठ अशी हसायला लागायची की मला काम थांबवावं लागे. खजुराच्या नव्या गुळाचे संदेश, म्हणजे इकडचे पेढेच, आणायची, यांच्यासाठी दोन आणि माझ्यासाठी चार. मला कलकत्त्यात येऊन तेव्हा सोळा वर्षं झाली होती. पण नुसतं माझ्याशी बोलावंसं वाटतं म्हणून बोलणारं तिच्याआधी कुणी नव्हतं.

बघा, अजून मी मुद्द्यावर आलेच नाही. किती फिरवतेय तुम्हाला.

तिसऱ्या आठवड्यात माझं बोट अडलं. पाठीच्या मधोमध, हरभऱ्याएवढं काही तरी. हलकीच टिचकी मारली तर ती कळवळली. संध्याकाळी अंग कोमट होतं, ब्लाउज ढिले व्हायला लागलेत, हे ती मला आधीच गप्पांत, हळू आवाजात बोलली होती. पडद्यापलीकडे ते ऐकू गेलं नव्हतं. मला सगळं कळलं. तुम्ही म्हणाल, शंका आली असेल. नाही, कळलं.

पलीकडून यांनी विचारलं, ‘मणके कसे आहेत?’

मी म्हटलं, ‘सारखे आहेत.’

एवढंच. का म्हटलं? उंट नको होता म्हणून. आणि ती हॉस्पिटलात गेली की माझे मंगळवार-शुक्रवार गेले, हेही मनात आलं नाही असं कसं म्हणू? शुक्रवारी सांगू, असं ठरवलं. पण शुक्रवारी सांगायचं तर मंगळवारी का नाही सांगितलं? त्या पुढच्या मंगळवारी तर आणखीच अवघड. मी बाजूबाजूनं दाबतेय, तिथं नाही, अशी मनाची समजूत घालत राहिले. हे पलीकडून म्हणायचे, जरा जोर लाव. मी लावायची. दोन महिने लावला.

मग एका मंगळवारी ती आली नाही. शुक्रवारी तिची आई आली. नमिताचे पाय गेले होते.

हे तसेच उठून हॉस्पिटलात गेले. परत आले ते पडद्याजवळच्या खुर्चीवर बसून राहिले. म्हणाले, ‘ताप येतो का, हे मी तिला एकदाही विचारलं नाही. मणके सारखे आहेत म्हटल्यावर विचारायचं सुचलंच नाही.’ माझ्याकडे बघून म्हणाले. तेव्हा तरी बोलायचं ना मी? मी काय म्हटलं सांगू? म्हटलं, ‘तुम्ही तरी किती विचारणार? जिवाला लावून घेऊ नका.’

मी त्यांची समजूत घातली. त्यांनी ती मानलीही, माझ्यावर विश्वास होता म्हणून.

दुसऱ्या दिवशी यांनी पडदा उतरवला. बायकांना तपासणं बंद. तरी त्या यायच्या, कुठून कुठून ऐकून, कमरेवर हात ठेवून दोन जिने चढून यायच्या. त्यांना दारातून परत पाठवायचं काम माझ्याकडे आलं. भिंतीला धरून खाली उतरायच्या बिचाऱ्या. त्यांचं तरी ऐकून घेणारं दुसरं कोण होतं?

नमिता जगली, पण पाय परत आले नाहीत. दर महिन्याला हे डमडमला जायचे, मीही जायची. दर वेळी हे तिच्या आईपुढे हात जोडायचे, चूक माझी म्हणायचे. मी शेजारी बसून असायची.

एकदा हे तिचं औषध आणायला खाली गेले. आई स्वयंपाकघरात होती. नमितानं छताकडे बघत विचारलं, ‘बौदी, तुमचं बोट तिथं थांबायचं ना?’

पालथ्या पडलेल्या माणसाला पाठीवरचा हात कळतो. इतकी वर्षं ते काम करून माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

मी म्हटलं, ‘नाही गं.’

ती म्हणाली, ‘मला आपलं वाटलं.’ मग म्हणाली, ‘वेणी घालून द्याल?’ मी घातली. हे वर आले तेव्हा ती यांच्याशी शाळेबद्दल बोलली. त्यांना तिनं काही सांगितलं नाही, तेव्हा नाही आणि नंतरही नाही.

आधी ती गेली. मग हे गेले, शेवटपर्यंत ती चूक आपली समजून.

थांबायचं, नमिता. दर खेपेला थांबायचं.