खिडकीजवळची खुर्ची

आमच्या खोलीत माणसं येतात, खुर्चीत बसतात, मान खाली घालतात आणि ट्यूबमध्ये लाळ सोडतात. त्या वेळी बोलायला बंदी. पण जिथे गप्प बसवतात तिथेच किस्से साठतात, हे मला नाशिकच्या या प्रयोगशाळेत लागल्यावर कळलं. मी ट्यूब देतो, घेतो. गौरी मॅडम संशोधन करतात: लाळग्रंथीतल्या पेशी सोडियम, म्हणजे आपलं मीठ, कसं सांभाळतात.

*

एकदा पेठचे एक काका ट्यूब धरून नुसतेच बसले. मी दबकत विचारलं, "काका, काही त्रास होतोय का?"

"मला नाय. जिन्यात लिवलंय थुंकू नका, अन् वर तू म्हनतो थुंका. तुमचं आधी ठरवा ना."

मॅडमनी जिन्यातल्या पाटीखाली कागद चिकटवला: "तिसरा मजला सोडून."

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्याचे सगळे कोपरे लाल!

*

मॅडमनी मला काम समजावलं. "लाळ तयार होते तेव्हा रक्तासारखीच खारट असते. मग बारीक वाहिनीतून तोंडाकडे येते. वाहिनीच्या भिंतीतल्या पेशी वाटेत सोडियम काढून परत रक्तात पाठवतात. लाळ सावकाश आली तर त्यांना वेळ मिळतो. भराभर आली तर मीठ तसंच राहतं."

आठवीनंतर मी पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकिंगला होतो. म्हटलं, "पट्टा हळू असला की बाया खराब मणी टिपतात, जोरात सोडला की निसटतात. तसं?"

"अगदी तसं. उद्या वर्गात हेच सांगते."

परीक्षेत एका मुलीने लिहिलं, "या पेशी पिंपळगावला असतात."

*

नमुना देताना भूक चाळवली तर लाळ वाढते आणि नमुना वाया जातो. म्हणून मी प्रत्येकाला सांगायचो, "जेवणाचा विचार करू नका."

ओझरच्या कारखान्यातून रिटायर झालेल्या एका आजोबांनी डोळे उघडले. "करतच नव्हतो रे. आता कैरीचं लोणचं दिसायला लागलं."

मॅडम म्हणाल्या, "तू यापुढे फक्त नमस्कार करत जा." माझ्या स्वभावाला ते बरंच झालं.

माणूस वाऱ्यावर शांत बसेल म्हणून त्यांनी खुर्चीही खिडकीजवळ हलवली.

*

तिथून सगळ्यांचंच सोडियम जास्त यायला लागलं. मशीन साफ केलं, ट्यूब बदलल्या. आकडे तेच. मॅडमचे मार्गदर्शक सर फोनवर म्हणाले, "सोमवारी येतो. असंच असेल तर हे काम बंद करू." मॅडमचा डबा त्या दिवसापासून न उघडताच घरी जायला लागला.

सोमवारी सर आले. "तुम्ही लोकांना घाई करत असणार. मी देतो नमुना." चष्मा काढून खुर्चीत बसले. मी नमस्कार केला.

अकरा वाजले, आमची नमुने घ्यायची रोजची वेळ. खाली मिसळवाल्याने रोजच्यासारखी फोडणी दिली. आम्हाला तो वास सवयीने येईनासाच झाला होता.

सरांची ट्यूब भरली. त्यांनी मान खाली ठेवूनच दुसरी मागितली. तीही भरत आली.

मग रुमालाने तोंड पुसून ते खिडकीतून खाली बघत राहिले.

"गौरी, काम चालू ठेवा. खुर्ची तेवढी आत घ्या."

मी खुर्ची उचलायला पुढे झालो. सर उठलेच नाहीत.

"थांब रे. आधी तीन मिसळ सांगून ये."