पहिला घोट

“पेऊन दाखव साहेबाले.”

सुपरवायझरनं स्टीलचा ग्लास तोटीखाली धरला, भरला आणि माझ्या हातात दिला. समोर तपासणीला आलेले दोन साहेब. मागे त्यांची जीप. मी प्यायले. शेवटचा घोट उतरेपर्यंत सगळे माझ्या गळ्याकडे बघत होते, बाजारात बैल बघतात तसे.

एका साहेबानं विचारलं, “हिला काही त्रास वगैरे?”

सुपरवायझर हसला. “हिले काय होते साहेब? हिचे दात तं पयलेच गेलेले हायेत.”

साहेबही हसले. मग जीपमधून सीलबंद बाटल्या निघाल्या. योजनेचं पाणी तपासायला आलेली माणसं बाटलीचं पाणी पिऊन गेली. मी ग्लास विसळून पालथा घातला, पदर तोंडावर ओढला. चीड आली होती. पण ती कुणावर काढायची, हे तेव्हा मला कळत नव्हतं.

माझे दात तपकिरी आहेत. पट्ट्यापट्ट्यांचे. केळापूरच्या आमच्या भागात असे दात घरोघरी दिसतात. जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड आहे. लहानपणी ते दातात शिरतं, मोठेपणी हाडात. माझ्या आईला मांडी घालून बसता येत नाही. बाप वाकला तो वाकलेलाच गेला. पुढे कधीतरी सरकारला जाग आली आणि हातपंपांना लाल रंग लागला. लाल म्हणजे पिऊ नका. मग प्यायचं काय, हे रंगवणाऱ्यानं सांगितलं नाही.

मग योजना आली. पाणी शुद्ध करायची टाकी, आमच्या वस्तीच्या तोंडाशी, बुद्धविहाराच्या अलीकडे. उद्घाटनाला गावातल्या मोठ्या घरच्या बाया आल्या. नारळ फुटला, तोटीला हळदकुंकू लागलं. मी कडेवर लेक घेऊन जरा पुढे झाले, तर ठेकेदाराचा हाच सुपरवायझर म्हणाला, “तू मांगं राह्य. तोटीले हात नको लावू.” तो गावातलाच, मोठ्या घरचा. पुढे महिनाभरात त्यानंच मला ऑपरेटर म्हणून कामावर घेतलं, कारण रोज वस्तीपाशी येऊन मोटर चालू करायला गावातलं कोणी तयार होईना. तेव्हा माझा हात चालला.

करार काही लपलेला नव्हता. बोर्डावरच रंगवला होता. योजना बांधून झाल्यावर पाच वर्षं ती चालवायची, सांभाळायची, दुरुस्त करायची, सगळं ठेकेदारानं. नंतर ग्रामपंचायतीनं. टाकीत पांढरे दाणे भरलेले असतात, ते पाण्यातलं फ्लोराइड ओढून घेतात. ओढून ओढून दमले की धुवायचे, धुऊनही भागेना की बदलायचे. टाकी बसवायला आलेल्या मिस्त्रीनं सगळ्यांसमोर हे सांगितलं होतं. पहिल्या वर्षी दाणे धुतले. त्यानंतर झाकण कुणी उघडलंच नाही. दर दिवाळीला टाकीला बाहेरून निळा रंग मात्र लागायचा. वरून कीर्तन, आतून तमाशा.

मी एकदा विचारलं, “भाऊ, दाणे काहून नाई बदलत?”

“तुले कायले पायजे? मोटर चालू कर, मोटर बंद कर. तुयं काम तेवढंच.”

पण माझं काम तेवढंच नव्हतं. वस्तीत कुणी पाण्याबद्दल कुरकुर केली की तो मोटारसायकलवर यायचा, चारचौघांत मला उभी करायचा. ग्लास भरायचा. “पे.” मी प्यायची. लोक गप्प व्हायचे, पाण्याचे गुंड-घागरी भरायचे. गावातली मोठी घरं या तोटीचं पाणी कधीच पीत नव्हती. त्यांच्याकडे पांढरकवड्याहून जार यायचे. हे दिसत होतं सगळ्यांना. बोलत कोणी नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

योजना आली तेव्हा माझी लेक नुकती पाय टाकायला लागली होती. मी तिला हातपंपाचं पाणी कधी दिलं नाही. याच तोटीचं दिलं. मला वाटायचं, ही खुशाल तोंड उघडून हसेल. हिला पदर लागणार नाही.

यंदा तिचा दुधाचा दात पडला. नवा आला तो खडूसारखा. आडव्या पांढऱ्याफटक पट्ट्यांचा. आईनं नातीचं तोंड उजेडाकडे वळवलं. मग म्हणाली, “तुये बी असेच निंगले होते. मंग पिवळे झाले.”

मी शेजारच्या बेबीमावशीकडे धावले. तिच्या नातवाचे दातही तसेच. म्हटलं, “मावशी, नका भरू थे पाणी.”

मावशी म्हणाली, “तूच तं पेत होती वो बाई. तू पेली की आम्ही भरत होतो.”

तेव्हा मला कळलं. तो ग्लास साहेबांसाठी नव्हताच. आमच्यासाठी होता. आमची माणसं त्याच्यावर विश्वास ठेवणार नाहीत, माझ्यावर ठेवतील, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ज्याला तोटीला माझा हात नको होता, त्याला माझं तोंड हवं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पाच वर्षं सरत आली होती. शेवटची तपासणी ठरली, हस्तांतरणाची. साहेबांनी पाणी ठीक म्हटलं की ठेकेदार हात झटकून मोकळा. मेलेले दाणे ग्रामपंचायतीच्या गळ्यात. आणि आमची ग्रामपंचायत हातपंपाचा वायसर बदलायलाही वर्ष लावते. म्हणजे त्या दिवशी तो सुटला की आमची लेकरं कायमची अडकली.

जीप आली. तेच साहेब. बाया गुंड घेऊन बाजूला उभ्या. सुपरवायझरनं ग्लास भरून माझ्या हातात दिला.

“पेऊन दाखव.”

मी ग्लास त्याच्याकडेच फिरवला. “पयले तुम्ही प्या, भाऊ.”

त्यानं आधी साहेबांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“काय बोलून राह्यली?”

“तुम्ही प्या. मंग साहेब पेतीन. मंग मी.”

त्यानं ग्लास घेतला नाही. पाण्याची भीती जास्त होती की माझ्या हाताची, ते त्यालाच ठाऊक.

साहेब म्हणाले, “बाई, सरकारी कामात अडथळा आणू नका.”

“साहेब, टाकीचं झाकण उघडून पाहा. मी बाजूले होते.”

सुपरवायझर ओरडला, “ऑपरेटर तूच हायेस! पाणी खराब असन तं तूच खराब केलं!”

पाच वर्षांची ठेकेदाराची जबाबदारी एका वाक्यात माझ्या डोक्यावर आली. मी ग्लास जमिनीवर ओतला. साहेबांनी बायांकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. “पुन्हा येऊ,” म्हणाले. झाकण उघडलं नाही. सहीही केली नाही.

संध्याकाळी सुपरवायझर मोटरची चावी घ्यायला आला. आवाज चढवला नाही. चावी खिशात टाकत हळूच म्हणाला, “पोरगी शाळेत नाल्याकडूनच जाते ना तुयी?”

तेव्हापासून नाल्याच्या पुलावर एक मोटारसायकल उभी असते. कधी कोणी बसलेलं असतं, कधी नसतं. मी लेकीला हात धरून नेते, हात धरून आणते. पाणी आम्ही लांबच्या एका शेतातल्या विहिरीवरून आणतो. ते बरं आहे की वाईट, हे अजून कुणी तपासलं नाही, आणि मालक उद्या नाही म्हणू शकतो. तिकडे सुपरवायझर वस्तीत नवी ऑपरेटर शोधतो आहे. बेबीमावशीच्या सुनेलाही विचारून गेला. मला भीती वाटते. खोटं कशाला बोलू?

साहेब पुन्हा येणार आहेत. कधी, ते कोणी सांगत नाही. म्हणून लेकीला शाळेत सोडलं की मी रोज टाकीच्या फाटकापाशी येऊन बसते. बेबीमावशी येते, तिची सून येते. झाकण उघडल्याशिवाय, दाणे बदलल्याशिवाय हस्तांतरण होऊ देणार नाही. काम ज्यानं घेतलं, त्यानंच ते निस्तरायचं. हटवायचं असेल तर दिवसाउजेडी या, सगळ्यांसमोर हटवा. आमच्या वस्तीतलं एकही तोंड यापुढे तुमच्या कामाचा पुरावा होणार नाही.