हिरवे रबर

जिल्हा न्यायालयात मी एकतीस वर्षे कारकुनी केली. निवृत्तीनंतर दोन गोष्टी नेमाने करत आलो : सकाळी पळणे आणि पत्रे लिहिणे. पळताना जे खटके, त्याविषयी घरी येऊन लिहायचे. विजापूर रस्त्यावर खोदून तसाच सोडलेला चर, तलावाकाठचे बंद दिवे, दहा किलोमीटर जाहीर करून प्रत्यक्षात नऊ किलोमीटर सातशे मीटर पळवणारे आयोजक. प्रत्येक पत्राची प्रत फायलीत आहे. त्यांतले एक पत्र मला आता वाचवत नाही. ते चुकीचे होते म्हणून नव्हे. त्यात एकही अक्षर चुकीचे नव्हते.

शहराबाहेरच्या माळावर दरवर्षी थंडीत एक शर्यत होते. मुरमाच्या वाटेने पाच किलोमीटर जायचे, वळायचे आणि त्याच वाटेने परत यायचे. वळणाच्या जागी मोबाइलला रेंज नाही. म्हणून तिथे बसवलेली व्यक्ती प्रत्येक स्पर्धकाला एक रबर देते. दुधाच्या पिशवीला लावतात तसले साधे रबर, फक्त गटाप्रमाणे रंग वेगळा. साठीपुढच्यांचे हिरवे. मनगटावर रबर असेल तर तुम्ही पूर्ण अंतर पळालात. त्याआधीच्या वर्षी कोणीतरी उरलेली रबरे खिशात घालून आणली आणि अर्ध्यातून वळलेल्या मित्रांना वाटली, असे माझ्या कानावर आले. मी संतापलो आणि आयोजक डॉक्टरांना तीन पानी पत्र लिहिले. गटात जितके स्पर्धक तितकीच रबरे मोजून द्यावीत, एकही जास्त नको. ज्याच्याकडे रबर नाही त्याला बाद करावे. लेखी हरकत एका तासाच्या आत घ्यावी आणि त्यानंतर निकालाला कोणीही हात लावू नये. डॉक्टरांनी तिन्ही मागण्या जशाच्या तशा नियमावलीत छापल्या. माझ्या पत्रांना असे यश क्वचितच आले आहे.

माझ्यासोबत रोज पळणारे गृहस्थ एसटीचे निवृत्त चालक, मूळचे मोडनिंबकडचे. मी कारकून होतो हे ठाऊक असूनही ते मला वकीलसाहेब म्हणत.

"वकीलसाहेब, त्या कुत्र्याला एक नोटीस काढा की. रोज माझ्यावरच भुंकतंय."

"कुत्र्याला नोटीस बजावता येत नाही. मालकाला येते."

"मग मालकाला काढा. तवर मी तुमच्या आडनं पळतो."

इतक्या वर्षांत त्यांना एकही बक्षीस मिळाले नव्हते. त्यांच्या पत्नीला हे पळणेच पसंत नव्हते. या वयात अर्ध्या चड्डीवर पळणारा माणूस गल्लीला हसायला मिळतो, असे तिचे मत. त्या वर्षी मात्र साठीपुढच्या गटात आम्ही चौघेच होतो आणि व्यासपीठावर जागा तीन. पहिले दोघे आमच्यापेक्षा फार वेगवान. म्हणजे प्रश्न उरला तो त्यांचा आणि माझा. त्यांचा सराव चांगला झाला होता. "औंदा तिला घेऊन येतो," ते मला म्हणाले होते, "एकदा डोळ्यानं बघू दे." आणि खरोखरच ते पत्नीला स्कूटरवर बसवून घेऊन आले. मांडवात ती त्यांचा स्वेटर मांडीवर घेऊन बसली होती.

शर्यत सुरू होण्यापूर्वी हिरवी रबरे मी स्वतः मोजून घेतली. चार.

वळणाच्या जागी पलीकडच्या गावातल्या अंगणवाडीच्या बाई खुर्चीत बसल्या होत्या. रबरे त्यांनी बोटांत अडकवली होती. "सावकाश, आजोबा. हात पुढं करा," त्या म्हणाल्या. आजोबा या शब्दाने माझे डोके फिरले. न थांबता मी त्यांच्या बोटातून हिरवे रबर ओढून घेतले, ते तसेच मनगटावरच्या घाम टिपायच्या पट्टीखाली सरकवले आणि वळलो. तीसेक पावलांवर माझे मित्र समोरून येताना दिसले. "आलो बरं का, वकीलसाहेब," ते म्हणाले.

शेवटच्या किलोमीटरमध्ये त्यांनी मला गाठले आणि मागे टाकले. ते तिसरे आले, मी चौथा. मी कंबरेवर हात ठेवून धापा टाकत उभा होतो, तेव्हा माझी नजर त्यांच्या मनगटांवर गेली. दोन्ही रिकामी होती.

कंबरेच्या पिशवीत मी कोरा कागद आणि पेन बाळगतो. हरकत लिहायला मला चार मिनिटे लागली.

डॉक्टरांनी त्यांना बोलावून रबराबद्दल विचारले.

"बाई म्हनल्या, हिरवी संपली. जावा तसंच."

"पण चार मोजून पाठवली होती, काका."

"त्या म्हनल्या तसं सांगतोय."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "सर, त्या बाई शेवटचा स्पर्धक घेऊन परत येतील. तोवर थांबू या. विचारून घेऊ."

"नियमात तोंडी साक्षीची तरतूद नाही," मी म्हणालो. हे वाक्य माझे आहे. ते मी मोठ्याने, मांडवात सगळ्यांना ऐकू जाईल असे उच्चारले.

माझ्या मित्रांनी माझ्याकडे पाहिले. मग छातीवरच्या नंबराच्या चारही पिना एकेक काढून टेबलावर ठेवल्या. "वकीलसाहेब म्हनत्यात म्हंजे मी मधनंच वळलो असंन," ते म्हणाले. आसपासचे काही लोक हसले. त्यांची पत्नी उठून जवळ आली होती. तिने स्वेटर त्यांच्या हातात दिला आणि हलक्या आवाजात विचारले, "खरं सांगा, पार तितवर गेला हुता न्हवं?"

"व्हय," ते म्हणाले.

पट्टीखालची हिरवी कड दाखवून तिसऱ्या क्रमांकाची ढाल मी घेतली तेव्हा ते दोघे स्कूटरवरून निघून गेले होते.

घरी आंघोळीला जाताना मनगटावरची पट्टी काढली. खाली हिरवे रबर होते, त्याला पीळ बसला होता. सोडवायला गेलो तर पिळातून दुसरे निघाले.

माणूस स्वतःचा बचाव किती चटकन उभा करतो, हे मी न्यायालयात पुष्कळ पाहिले होते. मीही केला. बाईंनीच दोन दिली असतील. मला माहीत नव्हते, हेतू नव्हता. पण मोजून दिलेली चार. एक पहिल्याने नेले, एक दुसऱ्याने, उरलेली दोन माझ्या हातात. यात तपासण्यासारखे काहीच नव्हते. आणि बाई येईपर्यंत थांबू नका, असे मला कोणत्याही अनवधानाने सांगायला लावले नव्हते.

तरीही मी आठ दिवस घालवले. आयुष्यभर पत्रे लिहिणाऱ्या मला हे एक पत्र जमेना. 'अनवधानाने असे घडले असल्याचे दिसून येते' असा मसुदा केला आणि फाडला. कोणाच्या हातून घडले, ते त्या वाक्यात कुठेच नव्हते. त्या आठ दिवसांत माझे मित्र तलावाकडे पळायला आले नाहीत. कुत्रे माझ्यावर भुंकत राहिले.

अखेर डॉक्टरांना चार ओळी लिहिल्या आणि ढालीसह स्वतः नेऊन दिल्या. त्यांनी पत्र वाचले. "ढाल ठेवून घेतो," ते म्हणाले, "निकाल मात्र बदलता येणार नाही, सर. एक तासाची मुदत आहे. तुमचंच कलम आहे." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. मला मात्र विलक्षण राग आला, आणि या वेळी ज्याच्याविरुद्ध तक्रार करावी असे समोर कोणी नव्हते.

तेथून मी मित्रांच्या घरी गेलो. दार त्यांच्या पत्नीने उघडले. मी पत्राची प्रत पुढे केली.

"वाचता येतं मला," ती म्हणाली, "पर तुमी तोंडानं सांगा."

मी उंबऱ्याबाहेर उभा राहून सांगितले. दोन रबरे, माझा हात, बाईंसाठी न थांबणे. ते पार तिथपर्यंत गेले होते आणि मी ते डोळ्यांनी पाहिले होते, हेही सांगितले. कारण वळल्यावर तीसेक पावलांवरच ते मला समोरून भेटले होते, आणि हरकत लिहिताना ते मला ठाऊक होते.

ती दाराला धरून उभी राहिली. "आठ दिस रोज इचारतीया मी ह्यान्ला," ती म्हणाली. "रोज व्हयच म्हनले. मला न्हाय पटलं."

ते आतून बाहेर आले. मी खिशातून हिरवे रबर काढून पुढे केले. त्यांनी घेतले नाही. "फायलीला लावा," ते म्हणाले. मग पत्नीला चहा ठेवायला सांगितले, आणि तो आम्ही प्यायलो.

पुढच्या आठवड्यापासून ते पुन्हा तलावाकडे येऊ लागले. आम्ही सोबत पळतो. गुडघे, ऊन, सुनेची बदली, असे विषय निघतात. कुत्रे आले की ते माझ्या आडोशाला येत नाहीत. दगड उचलल्यासारखे करून स्वतःच त्याला हाकलतात. वकीलसाहेब असे ते आता म्हणत नाहीत. नुसते साहेब म्हणतात.