सिन्योरचा इटालियन वर्ग

फरशीच्या दुकानात इटलीहून आलेल्या खोक्यांवरची अक्षरं वाचता वाचता त्याला वाटू लागलं, की आपल्याला इटालियन येतं. नोकरी सुटल्यावर त्याने घराच्या पुढच्या खोलीत नवशिक्यांसाठी वर्ग काढला. आजूबाजूची माणसं त्याला 'सिन्योर', म्हणजे इटालियनमध्ये 'साहेब', म्हणू लागली. ती टर उडवताहेत हे बायकोला कळत होतं; हा मात्र मान तुकवून नमस्कार स्वीकारायचा.

स्वयंपाकघरात भाजी चिरताना तिला सगळं ऐकू यायचं. "शेवटी 'ओ' आला की पुल्लिंग, 'आ' आला की स्त्रीलिंग. संपलं व्याकरण." मग हात म्हणजे 'मानो' हा शब्द स्त्रीलिंगी कसा, असं कुणी पुस्तक दाखवून विचारलं, तर म्हणायचा, "छपाईची चूक. खोडा." आणि पोरं निमूटपणे खोडायची. बाकी त्याच्या मते, आपल्या शब्दाच्या जागी त्यांचा शब्द ठोकायचा, की वाक्य तयार.

वर्गात एक नर्स होती. इटलीतल्या एका म्हाताऱ्या बाईंना सांभाळायचं काम तिला मिळण्यासारखं होतं. व्हिडिओवर मुलाखत झाली. नेमका पंखा बंद. बिचारीने घाम पुसत, सिन्योरने शिकवलं तसं सांगून टाकलं, "सोनो काल्दा." म्हातारीचा मुलगा कावराबावरा झाला, सून तोंड दाबून उठून गेली.

दुसऱ्या दिवशी नर्स वर्गात उभी राहिली. "सर, उकडतंय म्हणायला 'ओ काल्दो' म्हणतात. माझ्याकडे उष्मा आहे, असं. त्यांच्या सुनेने नंतर समजावलं. मी बोलले ते झालं 'मी गरम आहे'; तसं चावट बाई पुरुषाला बोलते."

सिन्योरने चष्मा पुसला. "खेडवळ दिसतात ते लोक. अशुद्ध बोलत असतील."

बायको सुरी ठेवून दारात आली. "इटलीतल्या माणसांचं अशुद्ध, आणि खोक्यांवरून उचललेलं तुमचं शुद्ध. अहो, निदान तिची माफी तरी मागा."

"शिक्षक माफी मागत नसतो."

नर्स पिशवी उचलून निघून गेली. काम तिलाच मिळालं, कारण म्हातारीला बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हसवलं होतं. नर्सच्या मागोमाग वर्गातले बाकीचेही पांगले. सिन्योरने पाटीवरचं 'नवशिक्यांसाठी' पुसून 'फक्त प्रगत विद्यार्थ्यांसाठी' लिहिलं आणि रोज टाय लावून बसू लागला. चिटपाखरू फिरकेना. दुसऱ्याच आठवड्यात बायकोने त्याच्यासमोरच्या बाकांवर ओल्या चादरी पसरल्या.

"खुर्ची जरा सरकवा," ती म्हणाली. "खिडकीतलं ऊन अडतंय."