कच्च्या टाक्याचा झेंडा

मंगळवार, ९ जानेवारी २०२४. सकाळी साडेसहाला नागोजीअण्णांच्या नातीचा, भव्याचा फोन. अण्णा पहाटे गेले. वय एक्क्याण्णव. आठ वाजता निघून येलहंक्याला पोहोचले. बारा वाजता नेलं. एका पक्षाचा तरुण कार्यकर्ता घडी न मोडलेला झेंडा घेऊन आला होता. भव्याने परत पाठवला. अंगावर पांढरं कापड होतं.

एरवी मी दिवसाचं एवढंच लिहिते. घडलं ते लिहा, वाटलं ते नको, ही शाळेतल्या सिस्टर आग्नेसची शिकवण मी अडुसष्ट वर्षं पाळली. आज जास्त लिहिते, कारण पांढरं कापड माझ्यामुळे होतं.

नागोजीअण्णा आमच्यातलेच, या कानडी मुलखातले मराठी, चिकपेट बाजारातले शिंपी. बावन्नच्या पहिल्या निवडणुकीपासून या शहरात समाजवादी पक्षाचे झेंडे त्यांच्याच मशीनवर झाले. लाल कापड पक्कं शिवायचे, चिन्ह मात्र हाताने, कच्च्या टाक्याने लावायचे. सुरुवातीला वडाचं झाड होतं. मग दुसऱ्या पक्षाशी जुळलं आणि झोपडी आली. अण्णांनी झाडं उसवली, झोपड्या लावल्या, कापड वाया गेलं नाही.

"पक्का टाका कधी घालणार, नाग्या?" माझे यजमान श्रीरंग विचारायचे. ते शाळेत शिकवायचे आणि पक्षाचं वाचनालय सांभाळायचे.

"तुमचे पुढारी पाच वर्षं एका खोलीत बसू देत, मग घालतो. तोवर स्वल्प दम धर, रंगा."

मिरवणुकीचा दोन वारांचा मोठा झेंडा या दोघांनी मिळून घेतलेल्या कापडाचा होता. एक काठी ह्यांच्या हातात, एक अण्णांच्या. पासष्टमध्ये पक्ष फुटला. हे वडाचं चिन्ह परत घेणाऱ्या गटाकडे गेले, अण्णा झोपडीकडे राहिले. अण्णा दोन्हीकडचे झेंडे शिवत होते, पण ह्यांच्याशी बोलणं बंद झालं. आमच्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. चिकपेटला गेलो की हे समोरच्या बाजूने चालायचे आणि मला सांगायचे, "तू बोल हवं तर."

मी बोलायचे. अण्णा विचारायचे, "वैनी, रंगाचा खोकला कसा आहे?" घरी येऊन मी ते सांगायचे. हे पुस्तक उघडायचे.

आणीबाणी लागल्यावर जुलैमध्ये एका संध्याकाळी अण्णा स्वतः दारात आले. दहा वर्षांनी. काखेत मिरवणुकीच्या त्या झेंड्याची लाल घडी होती.

"रंगा, हा ठेव. मला उद्या-परवा नेतील. घरचे भीतीने जाळून टाकतील."

ह्यांनी घडी घेतली. मी चहा टाकेपर्यंत अण्णा गेलेही होते. तिसऱ्या दिवशी त्यांना नेलं, अकरा महिने ठेवलं. सुटून आले ते वाकून आले. सत्याहत्तरमध्ये पक्ष मोठ्या पक्षात विलीन झाला. वाचनालयाला कुलूप लागलं. अण्णांनी त्यानंतर शाळांचे गणवेश शिवले, झेंडा एकही नाही. घडी मागायला ते आले नाहीत आणि हे द्यायला गेले नाहीत. २००९ मध्ये हे गेले, तेव्हा अण्णा मागच्या रांगेत उभे होते.

गेल्या डिसेंबरात अण्णा पडले आणि अंथरुणाला खिळले. नजर तर आधीच गेली होती. भव्याने फोन लावून दिला.

"वैनी, रंगाकडे ठेवलेला झेंडा. माझ्या अंगावर तो घालून न्या. पक्ष राहिला नाही, रंगा राहिला नाही. कापड तरी आहे."

मी "सरी अण्णा" म्हणून होकार दिला. मला काहीच आठवत नव्हतं. डायऱ्या काढल्या. चौथ्या दिवशी सापडलं.

"१४ डिसेंबर १९७७. थंडी फार. लाल झेंड्यावरची झोपडी उसवली. दोरा एका ओढीत निघाला. कापड चंदनाच्या गोधडीला खालून लावलं. ह्यांना आधी विचारलं. म्हणाले, घे, आता त्याचं काय."

अक्षर माझंच, रेषेवर. कच्चा टाका पाहून मला वाटलं होतं, हे काढायचंच असतं.

माझी मुलगी चंदना हेब्बाळला राहते. तिला फोन केला तर हसली. "आई, ती फाटकी गोधडी? माळ्यावर असेल बघ." होती. ती उसवायला मला पाच दिवस लागले. पक्के टाके होते, मी स्वतः घातलेले, बोटाबोटाच्या अंतरावर. कापड विटलं होतं, पण दोन वार पूर्ण निघालं. धुऊन इस्त्री केली आणि परवा रविवारी येलहंक्याला घेऊन गेले.

अण्णांनी दोन्ही हात पुढे केले. "रंगाने जपला ना?"

"हो," मी म्हटलं.

"मला वाटलंच. तोंडाने बोलायचा नाही तो, पण जपणार."

मग त्यांची बोटं कापडावर फिरू लागली. मधोमध झोपडीची जुनी भोकं लागली तेव्हा ते हसले. बोट पुढे गेलं आणि थांबलं. परत मागे आलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांनी गोधडीच्या टाक्यांच्या ओळी चाचपल्या, एक, दुसरी, तिसरी. मी खिडकीकडे बघत होते.

"वैनी, किती वर्षं पांघरली?"

"अकरा," मी म्हटलं. "चंदना सोळा वर्षांची होईपर्यंत."

"रंगाला माहीत होतं?"

खोटं एकदा बोलून झालं होतं. दुसऱ्यांदा जमलं नाही. मी होकारार्थी मान हलवली, ती त्यांना दिसली नसणार. पण मी बोलले नाही, ते त्यांना कळलं.

त्यांनी कापडाची घडी घातली. कडेला कड जुळवली, सुरकुती काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"हे तुमच्या घरचं कापड आहे. मला नको."

भव्या म्हणाली, "अज्जा, तुम्हीच मागितलं होतं ना?"

"मी झेंडा मागितला होता, पुट्टी." आणि भिंतीकडे वळले. मी घडी पिशवीत घातली आणि निघाले.

रविवारच्या पानावर मी लिहिलं आहे, येलहंक्याला जाऊन आले, अण्णांना भेटले. खोटं बोलल्याचं लिहिलं नव्हतं. ते आज लिहिलं. आज सकाळीही घडी पिशवीत घालून नेली होती. भव्याने पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पिशवी उघडली नाही.

संध्याकाळ. गोधडीतून निघालेली तीन जुनी लुगडी धुऊन गच्चीवर घातली होती, ती पाच वाजता आत आणली. एक अजून ओलं आहे.